त्याला नुसती इमारत म्हणू नका

प्रति,
मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : वस्तीलगतच्या डेटा सेंटरसाठी जनसुनावणी सक्तीची करण्याबाबत.



तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. एक उघडी, दुसरी भूमिगत, दोन्ही मॉयल या सरकारी कंपनीच्या. अशा खाणीचा मोठा विस्तार करायचा ठरला, की केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार आधी जनसुनावणी लागते. किमान तीस दिवस अगोदर वर्तमानपत्रात सूचना द्यायची, अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत काढायचा, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी हवा आणि सगळ्याचं चित्रीकरण हवं. खाणीशेजारच्या गावातली कोणीही बाई माईकसमोर उभी राहून सुरुंगाबद्दल, धुळीबद्दल, विहिरीच्या पाण्याबद्दल बोलू शकते. तिचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवावंच लागतं. मान्य होईल की नाही हा पुढचा भाग.

आता याच तालुक्यात, शहराला लागून, शंभर मेगावॉटचं डेटा सेंटर उभं करायचं ठरलं असं धरू. त्याच अधिसूचनेच्या परिशिष्टात खाणीची ओळ आहे, औष्णिक वीज केंद्राची आहे, साखर कारखान्याचीही आहे. डेटा सेंटरची मात्र नाही. ते जातं आठव्या क्रमांकात, इमारत बांधकामाच्या रांगेत. बांधीव क्षेत्र वीस हजार चौरस मीटरच्या पुढे गेलं तर पर्यावरण मंजुरी लागते, पण आठव्या क्रमांकाच्या सगळ्या प्रकल्पांना लोकांशी सल्लामसलत करण्यातून सूट आहे. कागदावर ते एखाद्या मॉलसारखं किंवा गृहसंकुलासारखं. शेजाऱ्याला विचारण्याची गरज नाही.

एवढ्याच एका गोष्टीसाठी हे पत्र आहे.

कुण्या एका कंपनीच्या एका प्रस्तावाविरुद्ध ते लिहिलेलं नाही. डेटा सेंटर नकोच, असंही तुमसरकरांचं म्हणणं नाही. धान खरेदीची नोंदणी ऑनलाइन होते, सातबारा मोबाइलवर निघतो, रेशन दुकानात अंगठा यंत्रावर ठेवावा लागतो, पानटपरीवर पैसे फोनवरून जातात. यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी गार खोलीतल्या यंत्रांवर चालते, हे इथल्या कॉलेजच्या पोरांना पाठ आहे. ती यंत्रं कुठेतरी असणारच. कुठे, किती जवळ, कोणाच्या पाण्यावर आणि कोणाला विचारून, एवढंच ठरायचं आहे.

तुमसरसारख्या गावाला हे आजच विचारावंसं का वाटतं, तेही सांगायला हवं. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेपैकी निम्म्याच्या आसपास क्षमता मुंबई आणि नवी मुंबईत दाटली आहे. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला ॲमेझॉनने महाराष्ट्रात ८.३ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरसाठी सवलती आहेत. तिकडे पूर्वेला नवा रायपूरमध्ये मे २०२५ मध्ये एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. मुंबईहून रायपूरकडे जाणाऱ्या हावडा मार्गावरच तुमसर रोड जंक्शन आहे. एका बाजूला तिरोड्याचं ३,३०० मेगावॉटचं वीज केंद्र, दुसऱ्या बाजूला मौद्याचं २,३२० मेगावॉटचं. मधून वैनगंगा वाहते. मुंबईच्या मानाने जमीन फारच स्वस्त. जागा शोधणाऱ्याच्या यादीत ज्या गोष्टी असतात त्या या पट्ट्यात जवळजवळ सगळ्या आहेत. आपण नागपूरचे आहात, हा पट्टा आपल्याला नकाशा न उघडताही दिसत असेल.

शंभर मेगावॉट म्हणजे किती, हे घराच्या हिशेबात मांडलं तर पटकन कळतं. महिन्याला शंभर युनिट जाळणारं घर धरलं, तर अखंड चालणाऱ्या एका मेगावॉटमध्ये ७,२०० घरं भागतात. शहरात दहा हजार घरं धरली, तर सगळ्या तुमसरच्या घरगुती वापराला सरासरी दीड मेगावॉट पुरे. शंभर मेगावॉटचं केंद्र पूर्ण भाराने चाललं, तर त्याची भूक अशा साठ-सत्तर शहरांएवढी होईल. आणि ही भूक रात्रंदिवस सारखीच असते. उन्हाळी धान लावणारा शेतकरी कृषिपंपाला आठ तासांऐवजी बारा तास वीज मिळावी म्हणून मोर्चे काढत आला आहे. त्याच्या बांधीवरून जाणारी तार चोवीस तास कोणाला तरी वीज पुरवणार असेल, तर तो प्रश्न विचारेलच. तो प्रश्न विचारायला त्याला अधिकृत जागा हवी.

पाण्याचं गणित विदर्भात समजावून सांगावं लागत नाही. घरोघरी कूलर आहे. खसच्या ताट्या, पाण्याचा पंप, पंखा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला, की टाकीत बादल्यांवर बादल्या ओतायच्या. अनेक मोठ्या डेटा सेंटरमधलं बाष्पीभवनाचं शीतकरण हाच कूलर, फक्त आकाराने प्रचंड. एक युनिट विजेतून निघालेली सगळी उष्णता पाण्याची वाफ करून घालवायची, तर साधारण दीड लिटर पाणी उडून जातं. शंभर मेगावॉटचं केंद्र पूर्णपणे असं थंड केलं, तर दिवसाला ३६ लाख लिटर लागतील. नळयोजनेचा दरडोई १३५ लिटरचा शहरी निकष लावला, तर ते सुमारे सत्तावीस हजार माणसांचं पाणी होतं. तुमसर शहराची निम्म्याहून अधिक वस्ती. ते पाणी वापरून परत नदीत येत नाही, हवेत जातं.

पाणी न वापरताही यंत्रं थंड करता येतात. बंद नळ्यांतून पाणी फिरवायचं आणि छतावरच्या मोठाल्या पंख्यांनी ते थंड करायचं. पाणी वाचतं, पण वीज जास्त लागते आणि आवाज वाढतो. बाहेरची हवा जितकी तापलेली, तितके पंखे जोरात. म्हणजे जिथे उन्हाळा सर्वांत कडक तिथेच, मे महिन्याच्या रात्री लोक गच्चीवर किंवा अंगणात बाज टाकून झोपतात तेव्हा, शेजारचे पंखे सर्वांत जोरात फिरणार. पाणी की घरघर, ही निवड कंपनीच्या अभियंत्याने एकट्याने करू नये. ज्याचं पाणी आणि ज्याची झोप, त्याला तिथे बोलता आलं पाहिजे.

घरघर हा शब्द वाचायला फार किरकोळ वाटतो. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या चॅंडलर शहरात तो किरकोळ राहिला नाही. तिथे एका निवासी वसाहतीजवळ डेटा सेंटरचं संकुल वाढत गेलं आणि रहिवाशांना एक सलग, खालच्या पट्टीतला गुंजारव ऐकू येऊ लागला. लोक रात्री उठून आवाज कुठून येतो ते शोधत फिरले. तक्रारी झाल्या, बैठका झाल्या, शेवटी कंपनीने शीतकरण यंत्रांना ध्वनिरोधक आवरणं घातली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये चॅंडलरने डेटा सेंटरसाठी स्वतंत्र नियम केला आणि बांधकामाआधी ध्वनीचा अभ्यास सादर करणं सक्तीचं केलं. डिसेंबर २०२५ मध्ये नवा प्रस्ताव आला, तेव्हा नगर परिषदेने तो ७ विरुद्ध ० मतांनी फेटाळला. हे शहर तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. इंटेलचे चिप कारखाने तिथेच आहेत.

आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती मोजली जाते ‘ए’ मापाने, आणि या मापात खालच्या पट्टीतल्या आवाजाचं वजन मुळातच कमी धरलेलं असतं. ट्रान्सफॉर्मरचा किंवा मोठ्या पंख्याचा गुंजारव भिंतीतून घरात शिरतो, खिडकीची काच थरथरते, आणि यंत्रावरचा आकडा मर्यादेतच राहतो. तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला तो आकडा दाखवून परत पाठवणं सोपं असतं. तुमसरच्या गल्ल्यांत राइस मिल जुन्या आहेत. धानाचा कोंडा, बॉयलरचा धूर, पट्ट्यांची खडखड यांच्याशी लोक कसेबसे जुळवून राहिले, कारण मिल रात्री थांबते आणि हंगाम संपला की शांत होते. डेटा सेंटरला हंगाम नसतो.

डिझेल जनरेटरचंही तसंच. वीज गेली तरी यंत्र क्षणभर थांबता कामा नये, म्हणून मोठ्या केंद्रात त्यांची रांगच उभी असते आणि वीज गेली नाही तरी ते अधूनमधून चालवून तपासावे लागतात. ती चाचणी कोणत्या दिवशी, किती वाजता, शाळा सुटायच्या आत की नंतर, हे शेजाऱ्यांना आधी कळायला नको का?

विचारलं नाही तर काय होतं, याची उदाहरणं आता बरीच जमली आहेत. नेदरलॅंड्समधलं झेवोल्डे हे गाव तुमसरपेक्षाही लहान, बावीसेक हजार वस्तीचं. तिथे १६६ हेक्टर शेतजमिनीवर मेटा कंपनीचं अवाढव्य डेटा सेंटर येणार होतं. डिसेंबर २०२१ मध्ये नगर परिषदेने मंजुरी दिली. तीनच महिन्यांनी, मार्च २०२२ मध्ये, निवडणूक झाली आणि प्रकल्पाला विरोध करणारा स्थानिक पक्ष सर्वांत मोठा ठरला. त्याच महिन्यात मेटाने प्रकल्प स्थगित केला आणि जुलैमध्ये माघार घेतली. लोकांचं म्हणणं आधी ऐकलं असतं तर कदाचित लहान आकाराचं, गावाला मानवेल असं काही ठरलंही असतं. मतपेटीतूनच बोलावं लागल्यामुळे ‘हवं’ किंवा ‘नको’ एवढेच दोन शब्द उरले.

ॲरिझोनातल्याच टुसॉन शहरात तर प्रकल्पाचं नावही सांकेतिक होतं, प्रोजेक्ट ब्लू. कंपनी कोण, हे अधिकाऱ्यांना गोपनीयतेच्या करारामुळे उघड बोलता येईना. वाळवंटातलं शहर, त्यात पाण्याचा प्रश्न. गर्दीने भरलेल्या सभा झाल्या आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी नगर परिषदेने एकमताने नकार दिला. व्हर्जिनियातल्या प्रिन्स विल्यम काउंटीतलं प्रकरण आपल्या नगररचना विभागाने मुद्दाम अभ्यासावं असं आहे. दोन हजार एकरांहून मोठ्या जागेवर डेटा सेंटरचा पट्टा उभारायला डिसेंबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ती जमीन-वापर बदलाची मंजुरी मुळातच रद्दबातल ठरवली. कारण होतं सुनावणीची जाहीर सूचना कायद्याप्रमाणे वेळेत आणि नीट प्रसिद्ध न होणं. कोट्यवधी डॉलरचे आराखडे वर्तमानपत्रातल्या एका सूचनेवर अडले. म्हणजे विचारण्याची पद्धत पाळली, तर त्यात गुंतवणूकदाराचंही हित आहे.

आपल्याच देशात, आंध्र प्रदेशात विशाखापट्टणमजवळ गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये १५ अब्ज डॉलरचा, एक गिगावॉटचा प्रकल्प जाहीर केला. तिथल्या तर्लुवाडा गावच्या शेतकऱ्यांनी जमीन देण्याला विरोध केला. मुंबईत माहुलजवळचा ट्रॉम्बेचा कोळशावरचा संच बंद होणार होता, त्याला २०२३ मध्ये मुदतवाढ मिळाली. विजेची वाढती मागणी हे कारण, आणि त्या मागणीत डेटा सेंटरचा वाटा दर वर्षी मोठा होतो आहे. आयर्लंडमध्ये २०२३ साली देशातली २१ टक्के मोजलेली वीज डेटा सेंटरनी वापरली, शहरी घरांपेक्षा जास्त. माहुलच्या माणसाच्या दृष्टीने डेटा सेंटर ऐरोलीत असो की पवईत, त्याला लागणाऱ्या विजेचा धूर याच्या दारात येतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १९२१ साली मुळशीचे शेतकरी सेनापती बापटांसोबत उभे राहिले ते टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध. वीज मुंबईला हवी होती, बुडणार होती मावळातली भातखाचरं. आज शंभर वर्षांनी वीज आणि पाणी कुठून घ्यायचं हा प्रश्न पुन्हा आला आहे, यंत्र तेवढं बदललं आहे.

विदर्भातलंच ताजं उदाहरण कोराडीचं. ६६० मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी मे २०२३ मध्ये तिथे जनसुनावणी झाली. बाजूने बोलणारे आले, विरोधातही आले, राखेच्या आणि धुराच्या तक्रारी झाल्या, सगळं नोंदलं गेलं. १,३२० मेगावॉट वीज तयार करणाऱ्याला लोकांसमोर उभं राहावं लागलं. मग विशाखापट्टणमसारखी एक हजार मेगावॉट वीज गिळणाऱ्याला, आणि सोबत पाणी, डिझेल, घरघर आणणाऱ्याला, सुनावणीतून सूट कशासाठी? २००६ साली अधिसूचना लिहिली तेव्हा असल्या आकाराच्या केंद्रांची कल्पना कोणालाच नव्हती, हे मान्य. वीस वर्षांपूर्वीच्या रिकाम्या रकान्याचा लाभ मात्र आज मिळू नये.

रोजगाराचा मुद्दा तुमसरमध्ये सर्वांत आधी निघेल आणि तो निघायलाच हवा. माडगीजवळ माणेकनगरचा फेरो मॅंगनीज कारखाना बंद पडला, तेव्हापासून या भागातल्या घरांना पगार या शब्दाची किंमत ठाऊक आहे. तालुक्यातली मुलं नागपूर, पुणे, हैदराबाद गाठतात. म्हणूनच आकडा आधी आणि खरा सांगितला पाहिजे. बांधकामाच्या काळात हजारो हात लागतात, पण केंद्र सुरू झालं की माणसं थोडी. अब्जावधी डॉलरच्या प्रोजेक्ट ब्लूने सांगितलेल्या कायम नोकऱ्या होत्या १८०. खाण, राइस मिल किंवा फेरो भट्टी यांच्याशी या आकड्याची तुलना करायची मुभा लोकांना सुनावणीतच मिळू शकते. कदाचित तुलना करूनही तुमसर ‘हो’ म्हणेल. जुन्या कारखान्याच्या पडीक जागेवर, वस्तीपासून दूर, सांडपाणी शुद्ध करून वापरणारं केंद्र आलं, तर त्याला हार घालायला लोक स्वतः जातील.

केंद्राची अधिसूचना बदलणं आपल्या एकट्याच्या हातात नाही. त्यासाठी राज्याने केंद्राकडे लेखी मागणी करावी, आणि डेटा सेंटरला त्याच्या चौरस मीटरांऐवजी त्याच्या मेगावॉटवर तोलावं. पण तोवर थांबायचं कारण नाही. सवलती राज्य देतं. एका शासन निर्णयाने आपण अट घालू शकता, की ठरावीक मेगावॉटपुढच्या कोणत्याही डेटा सेंटरला तालुक्याच्या ठिकाणी जनसुनावणी झाल्याशिवाय एक रुपयाची सवलत मिळणार नाही. एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत डेटा सेंटरची स्वतंत्र व्याख्या करून निवासी भागापासूनचं किमान अंतर ठरवणं, हेही महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली राज्याच्याच अधिकारात आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात खालच्या पट्टीतल्या आवाजाची वेगळी मोजणी लिहिता येते. कंपनीशी केलेल्या करारात काहीही गुप्त असो, पण मेगावॉट किती, पाणी कोणत्या स्रोतातून किती, जनरेटर किती आणि कायम नोकऱ्या किती, ही चार उत्तरं गुप्त असू नयेत.

तुमसर तालुक्यात पाण्याचा प्रत्येक थेंब आधीच कुणाच्या ना कुणाच्या नावावर आहे. बावनथडीचं पाणी सोंड्याटोला योजनेने उपसून चांदपूर जलाशयात टाकायचं, मग त्यावर सिहोरा भागातली धानाची बांधी भिजायची, अशी ही साखळी. पंप बंद राहिले तर त्या वर्षी कोणाचं रोवणं अडतं, हे शेतकरी गावांची नावं घेऊन सांगतील. मामा (माजी मालगुजारी) तलावांचा, बोड्यांचा हा जिल्हा. कोणत्या तलावात फेब्रुवारीनंतर किती पाणी उरतं, हे मंत्रालयातल्या फायलीपेक्षा इथल्या म्हाताऱ्या माणसांना जास्त बरोबर माहीत आहे. सल्लागार कंपनीच्या अहवालात नसलेली ही माहिती सुनावणीतच पुढे येते, आणि तीही फुकट.

म्हणून शेवटी एक छोटी, व्यवहाराची विनंती. असा नियम केलात, तर सुनावणीची सूचना मराठीत असावी आणि ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही लागावी. अहवालातले आकडे युनिट, लिटर आणि एकरात असावेत. आणि सुनावणीची तारीख उन्हाळी धानाच्या कापणीत किंवा आषाढातल्या रोवणीत ठेवू नये. त्या दिवसांत बायामाणसं बांधीत असतात, सभामंडपात येऊ शकत नाहीत.

कळावे,

तुमसर, जि. भंडारा